पहाटेचा पांढरा धूर, दुपारचा तापलेला सायलेन्सर

डिसेंबरची पहाट. लातूरच्या मार्केट यार्डाजवळ उभ्या असलेल्या रांगेतला एखादा जुना ट्रक सुरू करण्याची धडपड चाललेली असते. सेल्फ घुरघुरतो, थांबतो, पुन्हा घुरघुरतो. पाचव्या-सहाव्या खेपेला इंजिन उचलते, पण थरथरत. सहापैकी चारच सिलिंडर कामावर आल्यासारखे. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर रस्ताभर पसरतो. शेजारच्या टपरीवरचा चहावाला तोंडावर फडके धरतो. दहा मिनिटांत गाडी शांत होते आणि सोयाबीनची पोती घेऊन नांदेडकडे निघून जाते. परतीच्या वाटेवर, भर दुपारी, भरलेली गाडी लोहा-अहमदपूरच्या बाजूने चढू लागली की तिच गाडी दुसरी तक्रार सांगते. पिकअप कमी होतो, मागे काळा धूर सुटतो आणि केबिनमध्ये पायाखालचा पत्रा चटके देऊ लागतो.

पहाटे गाडी थंड म्हणून कुरकुरते आणि दुपारी तापते म्हणून कुरकुरते. दोन तक्रारी परस्परविरुद्ध वाटतात. त्यामुळे त्यांच्यासाठी दोन वेगवेगळे उपाय होतात. पहाटेसाठी नवी बॅटरी येते, दुपारसाठी रेडिएटर साफ होतो. दोन्हीने फरक पडला नाही की ‘इंजिन खोलावे लागेल’ हा शेवटचा निकाल लागतो. हप्ते फेडणाऱ्या एका गाडीच्या मालकासाठी तो निकाल म्हणजे ऐन हंगामात गाडी उभी आणि वर मोठा खर्च. प्रत्यक्षात या दोन तक्रारी एकत्र आल्या तर त्या बहुधा एकाच आजाराची दोन लक्षणे असतात, आणि तो आजार इंजिन न खोलता ओळखता येतो. डॉक्टर पोट उघडण्याआधी नाडी, ताप आणि रक्तदाब पाहतात, तसेच हे आहे.

ठिणगीविना पेटणारे इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेली कल्पना साधी होती: हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल, आणि तिच्यात तेल फवारले की ते आपोआप पेट घेईल. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तोच हा नियम. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सतराव्या भागापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. डिझेलला पेट घ्यायला २१० ते २५० अंश पुरतात. म्हणजे निरोगी इंजिनाकडे बरीच शिल्लक असते.

पहाटे ही शिल्लक आटते. हवा १०-१२ अंशांवर असते. सिलिंडरच्या भिंती थंड असतात, त्या दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. ऑइल घट्ट झालेले असते, त्यामुळे सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो; आणि जितके सावकाश फिरवाल तितकी हवा रिंगांच्या फटीतून निसटायला अवधी मिळतो. तरीही मराठवाड्यातली थंडी काही हिमालयातली नाही. इथल्या थंडीत डिझेल गोठत नाही. धडधाकट ट्रक दहा अंशांवर दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू झालाच पाहिजे. होत नसेल तर दोष हवामानाचा नाही. थंडीने फक्त आधीपासून असलेला दोष उघडा पाडला.

पहाटे काय पाहायचे?

पहिला नियम असा की गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना तपासायची. गॅरेजपर्यंत चालवत आणलेल्या गरम गाडीत पहाटेचा आजार दिसत नाही. ताप उतरल्यावर दवाखान्यात गेल्यासारखे होते ते.

सेल्फ मारताना इंजिन किती वेगाने फिरते ते आधी पाहावे. मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे फेरे व्हायला हवेत. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारतानाच मीटर लावावा. आकडा १९च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी, तिच्या टर्मिनलवरचा गंज, अर्थची वायर किंवा सेल्फ यांपैकी कुठे तरी दुखणे आहे. इथे इंजिनाचा काही संबंध नाही.

सेल्फ जोमाने फिरतो, पण सायलेन्सरमधून धूरच येत नाही, असे असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. रात्री गाडीने ‘हवा धरली’. पाइपच्या एखाद्या ढिल्या जोडातून किंवा चिरलेल्या वॉशरमधून हवा शिरते आणि नळीतले डिझेल रात्रभरात टाकीकडे परत जाते. फीड पंपापुढे काही वेळ पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. काही रुपयांचा वॉशर, पण त्यापायी बॅटऱ्या बदलल्या जातात.

पांढरा धूर भरपूर येतो, पण इंजिन उचलत नाही, तेव्हा डिझेल पोहोचते आहे आणि पेटत मात्र नाही. हा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब. त्याचा वास उग्र असतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर ती वाफ आहे. दोष हेड गॅस्केटकडे असू शकतो. निळसर धूर ऑइल जळल्याचा. रंग, वास आणि वेळ या तिन्हींची नोंद ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते.

इंजिन सुरू होऊन ‘मिसिंग’ मारू लागले की जुने मिस्त्री एक सोपी युक्ती करतात. सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. जिथे थेंब लगेच चुरचुरतो तो सिलिंडर कामावर आहे. जिथे तो तसाच राहतो तो सिलिंडर अजून झोपलेला आहे. हेच काम आता इन्फ्रारेड थर्मामीटरने नेमके होते. करोनाकाळात कपाळावर धरत होते ते यंत्र मात्र इथे उपयोगाचे नाही, ते अंगाचा ताप मोजण्यापुरतेच असते. यंत्रांसाठीचा, काहीशे अंश मोजणारा थर्मामीटर घ्यावा. एकाच सिलिंडरचे तोंड थंड असेल तर दोष त्या सिलिंडरचा: नोझल, व्हॉल्व्ह किंवा रिंग. सहाही उशिरा तापत असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे टायमिंग, सेल्फचा वेग किंवा सगळ्या इंजिनाची झीज यांत शोधावा.

दुपारी काय पाहायचे?

आता दुपारची तक्रार. इथे पहिला गैरसमज डॅशबोर्डवरच्या काट्याचा. तो काटा पाण्याचे तापमान दाखवतो, जळून बाहेर पडणाऱ्या वायूचे नाही. पाण्याचा काटा मधोमध असताना सायलेन्सरकडे जाणारा वायू धोक्याच्या पातळीवर असू शकतो. म्हणून रेडिएटर साफ करून ही तक्रार जात नाही.

वायूचे तापमान मोजण्यासाठी मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल बसवून पायरोमीटर लावता येतो. चढावर भरलेल्या गाडीत टर्बोच्या आधीचे तापमान सतत ६५० ते ७०० अंशांच्या पुढे राहू नये, हा सर्वसाधारण ठोकताळा. टर्बोनंतर मोजले तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो, म्हणून कुठे मोजले ते लिहून ठेवावे. पिस्टन ज्या धातूचा असतो ते अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टनला ऑइल आणि भिंती थंड ठेवतात म्हणून तो तग धरतो. पण वायू फार वेळ फार तापला तर आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो आणि हेड यांना झळ बसते आणि मग पिस्टनच्या माथ्याला.

वायू तापतो का? सगळ्यात साधे उत्तर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचे तर एक लिटर डिझेलमागे सुमारे दहा हजार लिटर हवा. एक लहानशी खोली रिकामी होईल इतकी. आणि ही झाली किमान गरज. प्रत्यक्षात इंजिनाला याहून जास्त हवा मिळाली पाहिजे. ती सगळी ज्या एअर क्लीनरमधून जाते त्यावर इथल्या काळ्या मातीची, शेतातल्या भुशाची धूळ बसलेली असते.

त्यात हवामानाची भर. तापलेली हवा विरळ होते. डिसेंबरच्या पहाटेच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा मे महिन्यातली ४४ अंशांची हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर लातूर ६३० मीटरच्या आसपास. चढताना हवा आणखी थोडी विरळ होत जाते. इंजिनाला हवा कमी मिळते, पण जुन्या यांत्रिक पंपाला ते कळत नाही. तो ठरलेले डिझेल देतच राहतो. निरोगी गाडी हे सहन करते. जिचा एअर क्लीनर तुंबलेला आहे, टर्बोचा होज चिरला आहे किंवा एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकली आहे, ती गाडी तापते आणि काळा धूर सोडते. टर्बोच्या होजवरचा ऑइलचा ओला डाग हा फाटल्याचा पुरावा समजावा. चढावर ऐकू येणारी शिट्टीही तेच सांगते.

याखेरीज माणसाने केलेला एक आजार आहे: ‘पंप वाढवणे’. जास्त माल ओढता यावा म्हणून पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढवले जाते. पहिले काही दिवस गाडी जोर दाखवते. पण हवा तेवढीच राहिल्याने वाढीव डिझेलचा काही भाग काजळी होऊन बाहेर पडतो आणि उरलेला वायूचे तापमान वाढवतो. मागचा काळा धूर म्हणजे पंपावर मोजून दिलेले पैसे. अशा गाडीची ओळख अशी की ती पहाटे बिनतक्रार सुरू होते; तिचे दुखणे फक्त दुपारचे असते.

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर

निदानाची किल्ली इथेच आहे. फक्त पहाटेची तक्रार असेल तर बॅटरी, सेल्फ, हवा धरणे यांकडे पाहावे. फक्त दुपारची असेल तर हवेचा मार्ग, वाढवलेला पंप आणि जादा भार यांकडे. एकाच गाडीला दोन्ही असतील तर संशयित तीनच उरतात.

पहिला, मागे गेलेले टायमिंग. डिझेल नेमक्या क्षणी, पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधी फवारले जावे लागते. पंपाच्या कपलिंगचा बोल्ट सरकला, पंप काढून बसवताना खूण चुकली किंवा गिअरची झीज झाली, की हा क्षण उशिरा येतो. पहाटे याचा परिणाम असा: डिझेल आत येईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो, हवा निवू लागलेली असते, तेल पेटत नाही आणि पांढरा धूर होतो. दुपारी परिणाम उलटा दिसतो: जाळ उशिरा पेटतो, पिस्टनला ढकलण्याचे काम अर्धवट राहते आणि उरलेला जाळ एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतो. चुलीचा जाळ तव्याखाली न राहता बाहेर भडकावा, तसे. भाकरी कच्ची राहते आणि हात भाजतो.

दुसरा, टपकणारे नोझल. नोझलने धुके फवारायला हवे. झिजले की ते थेंब गाळते. थंडीत मोठे थेंब पेटत नाहीत, गरम झाल्यावर ते उशिरा जळतात. न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर आनंद मानू नये. नोझल टेस्टरवर प्रत्येक नोझलचा दाब आणि फवारा काही मिनिटांत पाहता येतो. अशी तपासणी फ्युएल पंपाची कामे करणाऱ्या दुकानांत होते.

तिसरा, नीट न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. टॅपेटची फट फार कमी ठेवली तर व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि बैठकीवर पूर्ण बसत नाही. फटीतून जाळ निसटतो, व्हॉल्व्हची कड जळते आणि मग पहाटेही दाब धरत नाही. टॅपेट सेटिंग हे कमी खर्चाचे काम. ते वेळेवर न केल्याची किंमत मात्र हेड उतरवून द्यावी लागते.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: एअर क्लीनर आणि होज, बॅटरी आणि अर्थ, डिझेल फिल्टर आणि हवा धरणे, टॅपेट, टायमिंग, नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन. यातून काही निघाले नाही तरच कम्प्रेशन मोजावे. कम्प्रेशनमध्येही एकट्या आकड्यापेक्षा सहा सिलिंडरमधला फरक बोलका असतो. सहाही कमी आणि ऑइलचे झाकण उघडल्यावर ‘बॅक’ जोरात मारत असेल, तर मात्र इंजिनाच्या कामाला पर्याय नाही. आणखी एक पथ्य: एका वेळी एकच बदल करावा. टायमिंग, नोझल आणि पंप एकाच दिवशी बदलले तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. टायमिंग मागे होते म्हणून अंदाजाने फार पुढे नेणेही घातक. गाडी सुरू होते छान, पण ठोके मारत बेअरिंग आणि पिस्टन खाते.

गाडीचा आजार, माणसाचा श्वास

हा विषय आरोग्याच्या पानावर येण्याचे कारण तो धूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पहाटेच्या पांढऱ्या धुरात न जळलेले इंधन आणि डोळे-घसा जाळणारे वायू असतात. दम्याच्या रुग्णाला तर तो लगेच बाधतो.

पीयूसी आहे ना, असे कोणी म्हणेल. पण धुराची ती तपासणी गरम इंजिनावर, गाडी उभी असताना, मालाच्या ओझ्याविना, नुसता अॅक्सिलरेटर दाबून होते. पहाटेचा धूर आणि चढावरचा धूर, म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारी, त्या कसोटीच्या बाहेर राहतात. प्रमाणपत्र खरे असूनही गाडी आजारी असू शकते.

या धुराचा पहिला वाटेकरी क्लीनर आणि गॅरेजमधला पोरगा असतो. शेडचे दार बंद ठेवून गाडी सुरू करू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा इथरचा फवारा मारणे हे उपाय नव्हेत. त्यांनी हात भाजतात, रिंगा तुटतात आणि खरा दोष झाकला जातो.

सगळ्यात कमी माहिती असलेला धोका नोझलच्या फवाऱ्याचा. नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडते, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास पंचवीस पट. ‘फवारा येतो का पाहू’ म्हणून बोट पुढे केले तर डिझेल कातडीत घुसते. बाहेर फक्त सुईएवढे छिद्र दिसते, पहिल्या तासात फारसे दुखतही नाही. आत मात्र तेल स्नायूंच्या आवरणांतून पसरते आणि बोट गमावण्याची वेळ येते. हळद लावून, पट्टी बांधून घरी बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात, नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर पोहोचावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले’ असे स्पष्ट सांगावे.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत सेन्सर असतात. बिघाड झाला की दिवा लागतो. जुन्या गाडीला तो दिवा नाही. तिच्याकडे धुराचा रंग आहे, सेल्फचा आवाज आहे, मॅनिफोल्डची ऊब आहे. केबिनमध्ये एक वही ठेवावी. पहाटे कितव्या सेल्फला सुरू झाली, धूर कोणता होता, किती मिनिटांत थांबला, कोणत्या चढावर तापली, ऑइल वाढले की घटले, एवढे चार ओळींत लिहावे. पंधरा दिवसांची ती वही मिस्त्रीपुढे ठेवली तर तो पान्याला हात घालण्याआधी प्रश्न विचारील. तोपर्यंत इंजिन खोलायला घाई करू नये.